अनात्म मानलं तर कर्ज कुणाचं? : बौद्ध मानसशास्त्र आणि आपली जबाबदारी

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण तो एका विचारापाशी येऊन अडलाय, म्हणून इथे मांडते.

माझा धाकटा भाऊ तिशीतला. लॉकडाऊनमध्ये शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगच्या नादी लागला. आधी स्वतःचा पगार गेला, मग क्रेडिट कार्ड, मग झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स, आणि शेवटी बाबांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा. त्यानंतर तो विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आला. आता झोप लागते, चिडचिड कमी झालीय, ट्रेडिंग बंद आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण बाबांचे पैसे परत करायचा विषय काढला की तो शांतपणे म्हणतो, "ताई, ज्यानं ते केलं तो मी आता नाहीच. सगळं क्षणाक्षणाला बदलतंय. ते संस्कार होते, वर आले आणि गेले. तू भूतकाळ धरून बसलीयेस, म्हणून तुला त्रास होतोय."

बाबा गप्प बसतात. मला राग येतो. राग आला की तो म्हणतो, बघ, ही तुझीच प्रतिक्रिया.

मी थोडंफार वाचलंय. धम्मपदात स्पष्ट आहे की पाप ज्याचं त्यानं केलेलं, शुद्धीही ज्याची त्याची, एक जण दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही. दुसरीकडे, कायमचा असा 'मी' नाहीच (यालाच अनात्म म्हणतात), सगळं कारणांमधून उपजतं, हीही बुद्धाचीच शिकवण. या दोन गोष्टी एकत्र नांदतात कशा? की माझा भाऊ बरोबर आहे आणि मला कळत नाहीये?

निरंजना

बाबांच्या पैशांपुरताच अनात्म का? दर महिन्याचा पगार कुणाच्या खात्यात जमा होतो ते विचारा.

अण्णा_कराड

निरंजना, एका ओळीत धागा संपवलात की!

पोथीवाला

धागा संपायला नको, प्रश्न फार चांगला आहे.

मृण्मयीताई, तुमच्या भावाचा युक्तिवाद जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे, आणि उत्तरही तितकंच जुनं. 'मिलिंदपञ्ह' नावाचा पाली ग्रंथ आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट असं मानतात. तो भिक्खू नागसेनाला विचारतो, पुन्हा जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, "न च सो, न च अञ्ञो." तोही नाही, आणि दुसराही नाही.

पुढे राजा नेमका तुमच्या भावासारखा मुद्दा काढतो. तेव्हा नागसेन चोराची गोष्ट सांगतो. एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, "यानं जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे. मग मी चोर कसा?" राजा म्हणतो, काहीही बोलला तरी त्याला शिक्षा व्हायला हवी. का? कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. एक माणूस रात्री दिवा घेऊन माळ्यावर जेवायला बसला. दिव्यानं छपराचं गवत पेटलं, त्यातून घर पेटलं, घरातून गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर म्हणतो, "मी ज्याच्या उजेडात जेवलो ती ज्योत वेगळी, गाव जाळलं ती आग वेगळी." राजा गावकऱ्यांच्या बाजूनं निकाल देतो.

तुमच्या भावानं "तो मी नाही" एवढंच उचललंय. "पण दुसराही नाही" हे त्यानं सोयीनं मागे ठेवलं. बौद्ध विचारात जबाबदारीला टिकाऊ आत्मा लागत नाही, तिला सलग साखळी पुरते. कालच्या कृत्यातून आजची परिस्थिती आली असेल, तर जो त्या साखळीत उभा आहे त्यालाच ती निस्तरायची आहे.

तथ्यशोधक

पोथीवाला, गोष्टी छान आहेत, पण मिलिंदपञ्ह बुद्धवचन नाही. ब्रह्मदेशात तो खुद्दक निकायात, म्हणजे तिपिटक या बौद्ध धर्मग्रंथाच्या एका भागात धरतात, श्रीलंका आणि थायलंडमध्ये तिपिटकाबाहेर ठेवतात. बुद्धाचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे?

आणि मला मूळ मांडणीतच अडचण दिसते. प्रत्येक विचार आधीच्या कारणांतून येत असेल, तर निवड करणारा उरतोच कोण? मेंदूतली रसायनं, बालपण, अ‍ॅपची रचना. त्यानं पैसे उडवले यात 'त्यानं' या शब्दाला अर्थ किती? माझ्या मते भाऊ तर्काला धरून बोलतोय. फक्त त्या तर्काचा शेवट त्याला सोयीचा आहे.

पोथीवाला

तथ्यशोधक, मग तिपिटकातल्याच अंगुत्तर निकायातलं अत्तकारी सुत्त घ्या (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश). एक ब्राह्मण बुद्धाकडे येऊन म्हणतो, स्वतः करणारा कुणी नाही आणि दुसऱ्याकडून होणारंही काही नाही, असं माझं मत आहे. बुद्ध म्हणतात, असं मत मी आजवर पाहिलं नाही, ऐकलं नाही. स्वतःच्या पायांनी चालत येणारा, स्वतःच्या पायांनी परत जाणारा माणूस असं म्हणेलच कसा? मग ते त्याला विचारतात, एखादं काम सुरू करण्याची, उठून पुढे जाण्याची शक्ती असते की नाही? तो म्हणतो, असते. ती असताना लोक काही आरंभताना दिसतात ना? दिसतात. झालं तर.

इथे बुद्ध आत्मा सिद्ध करत नाहीत. आरंभ करता येतो, हे सगळ्यांना दिसणारं सत्य ते समोर ठेवतात. तुम्ही वर प्रतिसाद लिहिलात, तेव्हा तुमच्याही मेंदूत रसायनंच होती, आणि मुद्दा मात्र तुमचा होता.

भीमथडी

जय भीम. मला थोडं वेगळ्या बाजूनं बोलायचंय.

'जबाबदारी ज्याची त्याची' हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. आमच्या आज्यापणज्यांना हेच सांगितलं गेलं होतं, की तुमचे हाल तुमच्याच मागच्या जन्मीच्या कर्मामुळे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात यावर थेट बोट ठेवलंय. गरीब आणि हीन लेखलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, याशिवाय या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, अशा अर्थाचं ते लिहितात. ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर आला, पण तो प्रश्न आजही जिवंत आहे.

आणि सुत्तांमध्येही याला आधार आहे. सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाला विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध साफ नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेला आघात, अशी कारणं ते एकेक सांगतात. कर्माचा विपाक, म्हणजे फळ, त्या आठांतला शेवटचा. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे, जे स्वतः अनुभवता येतं आणि जगात सत्य मानलं जातं त्याच्याही पलीकडे जातात, असं ते म्हणतात.

कूटदंत सुत्तही बघा. राज्यात लुटालूट माजलीय, तर पुरोहित राजाला सांगतो, मारून आणि बांधून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. म्हणजे गुन्ह्यामागची परिस्थिती बदलणं हे राजाचं काम.

म्हणून मृण्मयीताई, भावाला दोष देण्याआधी विचारा, लाखो तरुण एकाच खड्ड्यात कसे पडतात? तो खड्डा खणला कुणी?

कोडकरी

भीमथडी यांना +१. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, म्हणजे माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोटिफिकेशन कधी पाठवायचं, बटण कुठल्या रंगाचं ठेवायचं, सौदा पूर्ण झाल्यावर पडद्यावर काय उडवायचं, यावर पगारी माणसं बसलेली असतात. वापरणाऱ्याच्या मनात वेदना, म्हणजे बौद्ध अर्थानं सुखदुःखाची संवेदना, उठली की ती तृष्णेत कधी बदलते, हे त्या टीमला अभिधम्म, म्हणजे मनाचं विश्लेषण करणारे बौद्ध ग्रंथ, न वाचताही माहीत असतं. मग अष्टांगिक मार्गातला सम्यक आजीव, म्हणजे योग्य उपजीविका, त्यांच्यासाठी नाही का? वणिज्जा सुत्तात उपासकानं, म्हणजे गृहस्थ अनुयायानं, शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असं आहे. लोकांच्या सवयीवर चालणारा धंदा मला त्या यादीच्या फार जवळचा वाटतो. आमच्या क्षेत्रात यावर कुणी बोलत नाही, याची मला खंत आहे.

अण्णा_कराड

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे दिलेत ते कुणी सांगितलेच नाहीत. जिंकलास तर दुसऱ्याचं वैर पदरात. हरलास तर पैशाचा शोक. संपत्ती जाते. सभेत शब्दाला किंमत राहत नाही. मित्र मान देत नाहीत. आणि सहावा, कुणी मुलगी देत नाही, कारण जुगाऱ्याला बायको पोसता येत नाही! आमच्या गावातली स्थळं बघणारी मंडळी आजही हाच सहावा मुद्दा पहिला विचारतात.

नाशिक_साधक

अनेक वर्षं नियमित साधना करतो, म्हणून लिहितो.

विपश्यनेच्या शिबिरात पहिल्या संध्याकाळी पंचशील घेतलं जातं, त्यानंतरच आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं. तीन दिवस श्वास, मग विपश्यना. शील, म्हणजे सदाचरण, हा पाया आहे असं प्रवचनांत पुन्हा पुन्हा सांगतात. "जे वर येतंय ते अनित्य म्हणून पाहा" ही सूचना आत उठणाऱ्या संवेदनेसाठी आहे. समोरच्या माणसाचे पैसे अनित्य आहेत असं कुणी शिकवत नाही. तुमच्या भावाला शिबिरातून जे मिळालं ते खरं आहे. त्यातून त्यानं काढलेला अर्थ त्याचा स्वतःचा आहे.

आणखी एक. ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचे आचार्य सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. सरकारी हिशेब तपासणारा माणूस. कचेरी सांभाळून ते साधना शिकवायचे, आणि त्यांची ख्याती होती ती पैशाच्या व्यवहारातल्या सचोटीची. ज्या परंपरेचा गुरूच हिशेबनीस होता, तिच्या नावावर हिशेब बुडवणं शोभत नाही.

निरंजना

विषयांतर करते. संध्याकाळी उपाशी ठेवतात हे खरं का? मला जायचंय पण भूक सहन होत नाही.

नाशिक_साधक

उपाशी नाही ठेवत. पाच वाजता नव्या साधकांना चहा, चुरमुरे आणि फळं मिळतात. जुन्यांना लिंबूपाणी. दोन दिवसांत सवय होते, निर्धास्त जा.

भीमथडी

साधक, तुमच्या सचोटीबद्दल आदर आहे. तरी एक मतभेद नोंदवतो. डोळे मिटून आत पाहणं एवढ्यालाच धम्म समजायची जी पद्धत पडलीय, त्यातूनच असे अर्थ निघतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसं समान मानीन, हे सगळं माणसामाणसांतल्या वागण्याबद्दल आहे. मन निवलं की नाही, हे दुसऱ्याशी कसे वागता त्यावरून कळतं. तुमच्या मुद्द्याशी हे जुळतंच, फक्त मी जोर वेगळ्या ठिकाणी देतो.

नाशिक_साधक

जोर तिथे द्यायलाच हवा, मान्य. पण डोळे मिटून पाहणं टाळूनही चालत नाही. मनात लोभ उठताना दिसलाच नाही, तर प्रतिज्ञा मोडल्यावर कळतं.

समुपदेशक_ताई

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. तीन गोष्टी सांगायच्यात, आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

पहिली. जुगाराची सवय हा आता मान्यताप्राप्त विकार आहे. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तो दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला. त्यामुळे "मनावर ताबा ठेव" एवढं सांगून भागत नाही, उपचार लागतो. ट्रेडिंग बंद आहे ही मोठी गोष्ट, पण ओढ परत येऊ शकते. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली असलेले बरे.

दुसरी. बौद्ध मानसशास्त्र इथे आम्हाला खरंच उपयोगी पडतं. प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे कारणांच्या साखळीत, वेदनेनंतर तृष्णा येते आणि तृष्णेनंतर उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणं. वेदना थांबवणं हातात नसतं. ती उठल्यावर लगेच हात फोनकडे जाऊ न देणं मात्र शिकता येतं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर ही पद्धत दवाखान्यांत आली. ती येताना शील बरंचसं मागे राहिलं, ही माझी तक्रार आहे. माणूस शांत होतो, आणि शांत होऊन तेच करत राहतो.

तिसरी. मृण्मयी, तुमच्या भावाच्या शांतपणाखाली असह्य लाज असू शकते. "तो मी नाही" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय, बहुतेक वेळा ते स्वतःला वाचवायला बोललेलं असतं. बौद्ध परंपरा इथे फार बारकाईनं पाहते. केलेल्याची टोचणी, जिला पालीत कुक्कुच्च म्हणतात, ती पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत, मोजलीय. म्हणजे ती मन अडवते. हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे वाईट करण्याची लाज आणि त्याच्या परिणामांची धास्ती, यांना मात्र कुशल, म्हणजे हितकारक, मानलंय. टोचणी माणसाला मागे खेचते, तर हिरी-ओत्तप्प त्याला पुढचं वाईट करण्यापासून आवरतात. त्याला टोचणीत ढकलू नका. मोठं कर्ज आणि लाज एकत्र आली की जिवाला धोका असतो. तो निराशेचं बोलायला लागला तर थांबू नका, सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे.

तथ्यशोधक

ताई, हा मुद्दा पटला. पण मग त्यानं पश्चात्ताप करायचा की नाही? टोचणी अकुशल असेल तर तोही म्हणेल, मी पश्चात्ताप टाळतोय, म्हणजे मी बरोबरच.

पोथीवाला

याचंही उत्तर आहे. संयुत्त निकायात संखधम सुत्त आहे, नाळंदेतल्या पावारिकाच्या आंबराईतलं. तिथे बुद्ध म्हणतात, शिष्य विचार करतो, मी जे केलं ते चांगलं नव्हतं, पण हळहळत बसलो म्हणून ते न केल्यासारखं होणार नाही. असा विचार करून तो ते सोडतो, पुढे करत नाही, आणि मैत्री वाढवतो. "ते चांगलं नव्हतं" ही कबुली त्यात आधी येते.

बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला केलेल्या उपदेशात तर पद्धतच दिलीय. काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपास, यानं मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का? झालेली दिसली तर शास्त्याजवळ (गुरूजवळ) किंवा जाणत्या सोबत्यांजवळ ते उघड करायचं आणि पुढे आवरायचं. अशोकानं बैराटजवळच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासक सगळ्यांनी ऐकावीत अशी वचनं सुचवलीत, त्यांत हा राहुलोवादही आहे.

आणि बदललेल्या माणसाबद्दलच बोलायचं तर अंगुलिमालाइतकं कोण बदललं? खुनी दरोडेखोर अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला भिक्खू, झाला. तरी सावत्थी नगरात भिक्षेला गेला तेव्हा ढेकळं आणि दगड लागून डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर (भिक्खूचं वस्त्र) फाटलं. बुद्धांनी त्याला सांगितलं, सहन कर. "मारणारा तू नव्हतासच, लोक उगाच चिडलेत" असं म्हटलं नाही.

मृण्मयी_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दिव्याची गोष्ट मी भावाला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं होतं सगळं सोडून दिलं की सुटका होते. मी पुढे भिक्खू व्हायचाही विचार करतोय." आता मला नवी काळजी लागलीय.

भीमथडी, तुमचं म्हणणं डोक्यात फिरतंय. त्या अ‍ॅपचा दोष मी कमी लेखत होते. पण बाबांचं काय? त्यांनी तर खड्डा खणला नव्हता.

भीमथडी

बरोबर आहे ताई. व्यवस्थेची जबाबदारी मोठी म्हणून बाबांचा हक्क लहान होत नाही. उलट भाऊ उद्या अशा अ‍ॅप्सविरुद्ध उभा राहिला, चार पोरांना सावध केलं, तर मी म्हणेन तो धम्म जगतोय. आधी घरचं देणं मात्र मान्य करावं लागेल.

पोथीवाला

भिक्खू व्हायचं असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खूदीक्षेच्या, वेळी उमेदवाराला संघासमोर ठरलेले प्रश्न विचारतात. माणूस आहेस ना? पुरुष आहेस ना? स्वतंत्र आहेस ना? आणि त्यातला एक प्रश्न: "अनणोसि?" ऋणमुक्त आहेस ना?

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकाच्या महावग्गात ही कथा आहे. एक कर्जदार पळून येऊन भिक्खू झाला. सावकारांनी त्याला पाहिलं आणि धरायला गेले, तेव्हा काही जण म्हणाले, भिक्खूंना हात लावायचा नाही असा बिंबिसार राजाचा हुकूम आहे. लोक चिडले. तेव्हा बुद्धांनी नियम केला की कर्जदाराला प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, देऊ नये. घर, नाव, जात, सगळं मागे ठेवून जिथे जायचं, तिथल्या दारातही कर्ज विचारलं जातं.

गृहस्थांसाठी बुद्धांनी अनाथपिंडिक या आपल्या श्रीमंत उपासकाला चार सुखं सांगितलीत. संपत्ती असण्याचं, ती उपभोगण्याचं, ऋण नसण्याचं आणि निर्दोष वागण्याचं. यांतलं शेवटचं सगळ्यात मोठं, बाकीची त्याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत असं म्हटलंय. इण (ऋण) सुत्तात उलट बाजू आहे: दारिद्र्य, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन, आणि प्रत्येक पायरीला बुद्ध दुःख म्हणतात. हे लिहिणारी परंपरा कर्जाला भास समजत नव्हती.

तथ्यशोधक

हे मला माहीत नव्हतं. संदर्भ बघतो, पण मुद्दा जोरदार आहे.

समुपदेशक_ताई

मृण्मयी, आता रक्कम ठरवायला बसाल तेव्हा दोन गोष्टी. हप्ता त्याच्या पगाराला झेपेल असाच ठेवा, अगदी लहान असला तरी चालेल. मोठा ठेवला की तो भरून काढायला माणूस पुन्हा ट्रेडिंगकडे वळतो, हे फार वेळा पाहिलंय. आणि आधी अ‍ॅपवाल्यांचं भरमसाठ व्याजाचं कर्ज संपवा, बाबांचं त्यानंतर. बाबा यात बोलणार असतील तर उत्तम, आजवर ते गप्पच आहेत असं तुम्ही लिहिलंत.

मृण्मयी_वाई

बाबांनाच बसवते. रविवारी तिघं वही घेऊन बसतोय. "अनणोसि" ची गोष्ट मात्र त्याला मी सांगणार नाही, पोथीवाला, तुमचा प्रतिसादच त्याला वाचायला देईन. माझ्या तोंडून आली की ती टोमणा होईल.

अण्णा_कराड

वहीत पहिली सही बाबांची घ्या.